कडेचा तुकडा

मुलीला शाळेत आईबद्दल दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने त्या मला न दाखवता लिहिल्या, वही देऊन टाकली आणि तपासून परत आलेली वही दप्तर आवरताना माझ्या हाताला लागली. बाकीच्या ओळी अगदी अपेक्षित होत्या, आई सकाळी उठवते, डबा देते, अभ्यास घेते, चिडते पण मग जवळ घेते वगैरे. मधली एक ओळ मात्र खास तिची होती. 'माझ्या आईला केकचा कडेचा जरा करपलेला भाग आवडतो, मधला भाग ती आम्हाला देते आणि कड स्वतः खाते.' आणि नेमकं त्याच ओळीखाली बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'आईचा त्याग छान टिपलास!' शेजारी एक स्टार.

मी आधी मोठ्याने हसले, नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला. मुलगी मात्र फुरंगटून बसलेली. "मी त्याग लिहिलंच नाहीये, मी आवडतो असं लिहिलंय," हे तिचं म्हणणं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. बाईंचा राग वगैरे अजिबात नाही मला, गठ्ठाभर वह्या तपासताना 'आई' हा शब्द दिसला की हात आपोआप त्याच दिशेला जात असणार. पण नंतर भांडी लावताना, कपड्यांच्या घड्या करताना ते लाल अक्षर परत परत डोळ्यांसमोर यायला लागलं. सगळ्या ओळी मी काय काय करते याच्या होत्या, मला काय आवडतं याची एकच. आणि तिच्यातलीच आवड नेमकी गायब झाली होती.

मला कड खरंच आवडते हो.

केक ओव्हनमधून बाहेर आला की थोड्या वेळाने तो आपणहून भांड्यापासून सुटायला लागतो, मधे एक बारीक फट दिसते, तेव्हा सुरीचं टोक गोल फिरवायचं. बटर पेपर जिथे संपतो तिथे बॅटर भांड्याच्या भिंतीवर जरा वर चढून पातळ पसरलेलं असतं आणि तिथे साखर आणि बटर मिळून खमंग कुरकुरीत पापुद्रा तयार झालेला असतो, तो सुरीबरोबर निघून येतो. गरम असतानाच तोंडात टाकायचा. आधी कुरकुर, मग किंचित कडवट, आणि मग मागून येणारी गोडी, जी मधल्या भागात कधीच नसते. मधला भाग मऊ असतो, गोड असतो, सगळ्यांना चालतो. कडेला चव असते.

आणि हा माझा हट्ट नाही, त्याला कारण आहे. ओव्हन १८० वर लावला असला तरी केकच्या पोटातलं तापमान शंभराच्या वर जात नाही, कारण आत दूध, अंडी म्हणजे शेवटी पाणीच आहे, आणि ते आहे तोवर उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते. कडेला तापलेला धातू थेट टेकलेला असतो, तिथलं पाणी लवकर उडून जातं आणि मग तापमान चढत जातं. साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांची एकमेकांत अशी काही घुसळण सुरू होते की त्यातून तो तपकिरी रंग येतो आणि असंख्य नवे वास तयार होतात. फ्रान्समधल्या लुई-कामी मायार या डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे मांडलं म्हणून त्याला मायार रिअॅक्शन म्हणतात. त्याचा केकशी काही संबंध नव्हता, शरीरात प्रथिनं कशी तयार होत असतील हे तो शोधत होता. पण आमच्या घरात त्याचं नाव फक्त केकच्या दिवशी निघतं आणि मुलगा त्याला 'कडवाले काका' म्हणतो.

हाच प्रकार माझ्या आईच्या बाबतीत आधी होऊन गेलाय, आणि तो किस्सा आमच्याकडे अजून दर वाढदिवसाला निघतो. आईच्या पंच्याहत्तरीला माझा भाऊ बोलायला उभा राहिला. तो एरवी चार वाक्यं सलग बोलत नाही, पण त्या दिवशी कागदावर लिहून वगैरे आणलेलं. लहानपणी आई केक करायची, आम्हाला मऊ मऊ मधले तुकडे द्यायची आणि स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून करपलेल्या कडा खायची, आम्हाला तेव्हा कळलंच नाही, असं म्हणता म्हणता त्याचा गळा दाटला, वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला, मागे बसलेल्या दोन आत्याही मुसमुसायला लागल्या. आणि आई खुर्चीतून म्हणाली, "अरे थांब, थांब जरा. मला तीच आवडते. मधला भाग मला गिळगिळीत लागतो."

पूर्ण शांतता. मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. भाऊ कागद हातात धरून तसाच उभा. "अगं मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" तर आई म्हणते कशी, "विचारलं कुणी? आणि सांगितलं असतं तर तुम्ही ठेवली असती का माझ्यासाठी?"

मी तिच्या बाजूलाच बसले होते. ती हसत होती, गाल लाल झालेले, आणि मला तेव्हा जाम आनंद झाला होता, म्हणजे हसू आलं म्हणून नाही, आई इतकी वर्षं ओट्यापाशी उभी राहून स्वतःची सगळ्यात आवडती गोष्ट निवांत खात होती म्हणून. आम्ही बाहेर मधल्या तुकड्यांवरून भांडत असताना आत तिची वेगळीच मजा चालू होती. तिच्या आयुष्यात असा एक कोपरा होता जिथे तिला हवं ते मिळत होतं, आणि कुणाचं लक्षही नव्हतं.

पण मग हेही खरं की त्याग नव्हताच असं मी म्हणणार नाही. तो होता, फक्त केकच्या कडेत नव्हता. आई केक रात्री करायची, कारण दिवसा तिला वेळच नसायचा. तेव्हा इलेक्ट्रिक बीटर वगैरे नव्हता घरात, बटर आणि साखर लाकडी चमच्याने घोटायची, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि तेच टाळता येत नाही, कारण साखरेचे दाणे बटरमध्ये घासले जाताना हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात आणि पुढे ओव्हनमध्ये तेच फुगतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, आहेत त्यांनाच मोठं करते. तर रात्री अर्धवट झोपेत मला तो आवाज यायचा, पातेल्याला चमचा घासल्याचा, मधेच थांबायचा, म्हणजे आई हात बदलत असणार. सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठलेली असायची. ही झोप तिने आम्हाला दिली आणि याबद्दल भावाने गळा दाटून आणला असता तर ती बहुतेक गप्प बसली असती. जे खरंच सोडलं ते अंधारात होतं, दिसणारच नव्हतं आम्हाला, म्हणून आम्ही उजेडात दिसेल त्यालाच त्याग म्हणून मोकळे झालो.

याच्यासारखीच एक गोष्ट मुलांच्या गोड खाण्याबद्दल आहे. केक खाल्ला की मुलं चेकाळतात, 'साखर चढते', हे प्रत्येक आईला माहीत असतं, माझ्या सासूबाईंनाही माहीत आहे, मलाही होतं. १९९४ साली डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांनी यावर एक प्रयोग केला. आमच्या मुलांना साखरेचा त्रास होतो असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे अशा ३५ जोड्या घेतल्या. सगळ्या मुलांना गोड पेय दिलं पण त्यात साखर नव्हतीच, साखरेऐवजी अॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा होता. अर्ध्या आयांना मात्र सांगितलं की तुमच्या मुलाने भरपूर साखर घेतलीये. त्या आयांना आपला मुलगा जास्त दंगा करताना दिसला. आणि व्हिडिओत बघितलं तर त्याच आया मुलाच्या जास्त जवळ घुटमळत होत्या, जास्त टोकत होत्या, सारख्या त्याच्याकडे बघत होत्या. पुढच्याच वर्षी असे बरेच प्रयोग एकत्र तपासून निघालं की साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचं दिसत नाही. दातांसाठी आणि एकूण तब्येतीसाठी साखर मोजूनच द्यायची, ते वेगळं.

मी हे जेवताना घरात सांगितलं. त्या दिवसापासून माझा मुलगा सोफ्यावर उड्या मारत असेल आणि मी ओरडले की उडी मारता मारताच सांगतो, "मला साखर चढलेली नाही, तुला तसं वाटतंय." त्याच्या बहिणीने तर वहीतल्या लाल शेऱ्याचाही निकाल लावला, म्हणाली बाईंना पण कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय वाटतं की आई म्हणजे काय. मी गप्पच झाले, कारण इतके दिवस मला हेच नीट म्हणता येत नव्हतं.

बॅटरचं भांडं चाटण्यावरून तर आमच्याकडे कायम वाद. आम्ही लहानपणी चाटायचो, मी आणि भाऊ, एकाला चमचा आणि एकाला पातेलं, आणि माझी मुलं हे ऐकून अन्याय झाल्यासारखं तोंड करतात, कारण मी त्यांना चाटू देत नाही. कच्च्या अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण मैदाही कच्चाच असतो, दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २०१६ मध्ये पिठातल्या ई-कोलायने लोक आजारी पडले होते आणि पीठ बाजारातून परत मागवावं लागलं होतं. म्हणून मी तोडगा काढलाय, बॅटरच्या भांड्यात लगेच पाणी ओतायचं आणि चॉकलेट-क्रीमचं गनाश केलं की त्याचं पातेलं मुलांचं. गनाशमध्ये ना मैदा ना अंडं. मग पातेल्याच्या मधोमध बोटाने रेघ मारली जाते. रेघ कोण मारणार यावरून भांडण झालं की आजीचा नियम लावायचा, एकाने रेघ मारायची, दुसऱ्याने बाजू निवडायची. रेघ मारणारा तेव्हा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून इतकी काटेकोर रेघ मारतो की भूमितीच्या पेपरात का नाही मारत असं वाटतं.

नवऱ्याचं यातलं योगदान म्हणजे आल्फ्रेड बर्ड. बेकिंग पावडरचा डबा उघडला की तो ही गोष्ट सांगणार म्हणजे सांगणारच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा औषधवाला. त्याच्या बायकोला अंडी सोसायची नाहीत, म्हणून १८३७ मध्ये त्याने कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं. तिला यीस्टही चालायचं नाही, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली. "म्हणजे बघा, सगळं एका नवऱ्यामुळे," असं म्हणून तो डबा माझ्या हातात देतो. मुलं एका सुरात "बाबाऽऽ" करतात. मला मात्र ती गोष्ट मनापासून आवडते आणि दर वेळी ऐकाविशी वाटते. पुढे त्या पावडरीचा केवढा धंदा झाला ते सोडाच, मला त्यातला आधीचा भाग आवडतो, की जेवायला बसल्यावर समोरचीला काय खाता येत नाही हे एका माणसाच्या लक्षात आलं आणि तो उठून कामाला लागला.

केक ओव्हनमध्ये गेला की मुलगा ओव्हनसमोर फरशीवर मांडी घालून बसतो. दार उघडायचं नाही हे त्याला पाठ आहे, केक फुगलेला असतो पण आतला सांगाडा अजून कच्चा असतो, अंडं आणि मैदा घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की मधे बसतो. मी पण भांडी बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसते. काचेतला पिवळा उजेड त्याच्या तोंडावर पडलेला असतो आणि एरवी "शाळेत काय झालं" विचारलं की "काही नाही" म्हणणारा हा पोरगा तिथे बसून आपणहून बोलायला लागतो, माझ्याकडे न बघता, केककडे बघत. कोणाशी कट्टी झाली, कोणी डब्यातलं दिलं नाही, कोणाला तो आवडत नाही बहुतेक. तेव्हा मी त्याच्याकडे वळून बघत नाही, मी पण केककडेच बघते. टायमर वाजला की बोलणं जिथे असेल तिथे तुटतं आणि तो ओरडतो, "टूथपिक!"

मुलगी आता त्या वयाच्या पुढे गेलीये. तिला मदत नको असते. डिजिटल काट्यावर बटर अगदी ग्रॅमपर्यंत तोलते, एखादा कण जास्त झाला तर सुरीने काढते. मी अंदाजाने चमचा भरला की तिला चालत नाही. परवा मला म्हणाली, "तू फक्त उभी राहा, हात नको लावूस." तर मी उभी राहिले. हाताला काम नसलं की स्वयंपाकघरात किती अवघड होतं हे तेव्हा कळलं, एकदा हाताची घडी घातली, मग सोडली, मग पुसलेलाच ओटा परत पुसला. अभिमान वाटत होता आणि घशाशी काहीतरी अडकत पण होतं, दोन्ही एकदम. ती मैदा चाळताना माझ्यासारखीच चाळणीला तळव्याने टपटप मारते. हे मी तिला कधी शिकवलेलं नाही.

आणि चाळता चाळताच तिने विचारलं, "आई, तुला कुठला फ्लेवर आवडतो?"

घरात केक म्हणजे चॉकलेट, कारण पोरांना तोच लागतो, नवराही तोच खातो, आणि मी तोच करत आलेय. मी म्हटलं, लिंबाचा. वर आयसिंग नको, फक्त साखर आणि लिंबाचा रस गरम केकवर ओतायचा, तो आत मुरतो आणि वर पांढरट खरबरीत थर धरतो. ती चाळणी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. "तुला चॉकलेट नाही आवडत?" आवडतं गं, पण पहिला नंबर लिंबाचा. "कधीपासून?" माझ्या आठवणीत तरी कायमचा. मुलगा आतून ओरडला, "आंबट केक कोण खातं?"

तिने पुढच्या सुट्टीला तो केला. लिंबाची फक्त पिवळी साल किसायची, पांढरा भाग आला की कडू होतं, हे एवढंच मी सांगितलं. तिने किस आधी साखरेत टाकून बोटांनी चुरला, कुठेतरी बघितलं होतं म्हणे, आणि सालीतलं तेल साखरेला लागल्याबरोबर जो काही वास घरभर सुटला, शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर बसलेला नवरा उठून बाहेर आला. केक झाला सुंदर, चौकोनी भांड्यात केल्यामुळे कोपरे तर काय विचारता, दोन बाजूंनी भाजलेले. आंबट केक न खाणाऱ्याने एक कोपरा कधी उचलला ते कळलंच नाही.

तेव्हापासून घरात नवीन प्रश्न उभा राहिलाय, कारण कड चांगली लागते हे आता सगळ्यांना समजलंय. एका भांड्याला कोपरे चार, आणि आजी धरून आम्ही पाच. आजीने फोनवरूनच कळवलं की वयाने मोठ्या माणसाला दोन. मुलाने कागदावर आकृती काढली, नऊ तुकडे केले तर चार कोपरे, चार कडेचे आणि एक मधला, ज्याला एकही कड नाही, आणि तो कोणी खायचा? मुलीने दोन छोटी चौकोनी भांडी सुचवली, म्हणजे आठ कोपरे. मी म्हटलं मग मधले पण दोन झाले की. आमची अशी चर्चा चाललेली असताना नवऱ्याने पुढे होऊन मधला तुकडा चमच्याने उचलला आणि म्हणाला की त्याला पहिल्यापासून हाच आवडतो, मऊ आणि जरा ओलसर. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायला लागलो. सगळ्यात खमंग तुकडा म्हणून मी इतकी वर्षं त्याच्या ताटलीत कडेचा ठेवत आलेय आणि हा माणूस तो चहात बुडवून, पार मऊ करून खात होता.